मैनाबाईंचा ट्रंक कॉल

“जरा गप बसा की गं बायांनो, मांजराचा फोन आलाय!”

आमच्या दिवाणखान्यात चैत्रातलं हळदीकुंकू चालू होतं. आंब्याची डाळ वाटून झाली होती, पन्ह्याचे पेले फिरत होते, आणि आमच्या मागच्या खोल्यांत भाड्यानं राहणाऱ्या मावशी दारात उभ्या राहून हे ओरडल्या होत्या. मावशींना कमी ऐकू यायचं. त्यामुळे सगळ्या जगालाच कमी ऐकू येतं अशी त्यांची समजूत होती, आणि त्या त्याच हिशोबानं बोलायच्या. पन्हं पिणाऱ्या दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. “मांजरानं केलाय, का मांजराला आलाय?” एकीनं हळूच विचारलं. “मांजराला,” दुसरी म्हणाली, “मुंबईहून.” “असं होय,” पहिली म्हणाली, आणि मुंबईचं नाव निघाल्यावर तिचं समाधान झालेलं दिसलं. मी ट्रे खाली ठेवला, वडिलांच्या खुर्चीत झोपलेली मांजर उचलली, तिला मांडीवर घेऊन तिपाईशी बसले आणि रिसीव्हर तिच्या कानाला लावला. पलीकडून माणूस बोलत होता, अलीकडे मांजर ऐकत होती आणि मधे मी होते. माझी त्या काळातली चार-पाच वर्षं या एका वाक्यात बसतात.

मांजरावर जीव लावणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण मावशींच्या मुलानं मांजरावर जेवढं प्रेम केलं, तेवढं आमच्या अख्ख्या राजारामपुरीत कोणी कोणावर केलेलं मी पाहिलं नाही. नवऱ्यानं बायकोवर नाही, आईनं मुलावर नाही, आणि कोल्हापुरात ज्या प्रेमाची शपथ घेतात ते म्हशीवरचं प्रेमसुद्धा एवढं नाही. तसा तो म्हशींच्याच घरातला. बिद्रीकडे त्यांचा ऊस होता, गोठा होता, आणि पोरानं साखर कारखान्यात चिकटावं ही वडिलांची साधी इच्छा होती. पोरानं त्याऐवजी कॉलेजच्या निमित्तानं आईसकट आमच्याकडे बिऱ्हाड केलं, गळ्यात गिटार अडकवली आणि इंग्रजी रॉक गाणी म्हणायला लागला. रेडिओवर ऐकून ऐकून तो ती शिकला होता. सांगली, मिरज, बेळगाव, पार पुण्यापर्यंत त्याचं नाव झालं होतं. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये तो स्टेजवर आला की मुलं खुर्च्यांवर चढायची, आणि ज्यांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं ते तालमीतले पैलवानही मागं उभं राहून शिट्ट्या मारायचे. आमच्या दूधवाल्यानं एकदा त्याचं गाणं ऐकून जे परीक्षण केलं, त्याहून चांगलं कोणाला जमेल असं मला वाटत नाही. तो म्हणाला, “काय म्हणतोय ते कळत न्हाय, पर जे म्हणतोय ते मनापास्नं म्हणतोय.”

स्टेजवर वाघासारखा डरकाळ्या फोडणारा हा माणूस घरी मात्र कुजबुजत बोलायचा, कारण मैना झोपलेली असायची. मैना म्हणजे ती मांजर. लहानपणापासून त्याच्या घरात मांजरं होतीच. गुऱ्हाळाच्या उबेला जमणारी सगळी पिल्लं तो शर्टात घालून घरी आणायचा, असं मावशी सांगायच्या. पण मैनेची गोष्ट वेगळी होती. एका कारखान्यावरच्या कार्यक्रमात त्याचा ॲम्प्लिफायर मधेच खरखरायला लागला. मागं जाऊन बघतो, तर गरम झालेल्या त्या पेटीवर मुठीएवढं करडं पिल्लू झोपलेलं आणि त्याचं शेपूट वायरींत अडकलेलं. त्यानं वायर नीट केली, पिल्लाला हात लावला नाही, आणि उरलेला कार्यक्रम हळू आवाजात उरकला. लोकांना वाटलं, हीच नवीन फॅशन असणार. पिल्लू घरी आल्यावर त्यानं नाव ठेवलं मैना. माझ्या आईनं विचारलं, “अरे, मांजरीला पक्ष्याचं नाव कशाला?” तर म्हणाला, “काकू, आपलं नाव जे हाय ते कोण खाईल का? आता ती चिमण्या धरायची न्हाय बघा.” मैनेनं त्याच आठवड्यात आमच्या अंगणात दोन चिमण्या धरल्या. त्यावर त्याचं म्हणणं असं पडलं, की त्या चिमण्या होत्या. मैना असती तर सोडली असती.

त्याच्या तऱ्हा सांगायला बसले तर संध्याकाळ होईल. गंगावेशीच्या कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी उभ्या असतात आणि गिऱ्हाइकाच्या समोर धार काढून फेसाळ दूध पेल्यात देतात, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. तिथं हा मैनेला शालीत गुंडाळून सायकलवरून घेऊन जायचा. पहिल्या दिवशी म्हैसवाल्यानं शालीत बाळ आहे असं समजून कौतुकानं वाकून बघितलं आणि दोन पावलं मागं सरकला. “पावणं, ही माणसांची जागा हाय.” हा म्हणाला, “मग म्हस कशी काय चालती?” म्हैसवाल्यानं एकदा म्हशीकडे बघितलं आणि तो धार काढायला बसला. पुढं मैनेची वेगळी वाटी कट्ट्यावर कायमची राहिली, आणि ती गेली नाही त्या दिवशी म्हैसवालाच विचारायला लागला, “आज बाईसाब न्हाय आल्या?”

चपलांचं तर त्याहून कठीण झालं. तो बेलबॉटमखाली कोल्हापुरी चप्पल घालायचा, आणि कोल्हापुरी चप्पल म्हटली की ती करकरणारच. माणूस दिसायच्या आधी चप्पल ऐकू यावी यातच तिची इज्जत. पण त्या करकरीनं मैना दचकून उठायची. म्हणून हा चप्पल करणाऱ्याकडे गेला आणि म्हणाला, आवाज न होणारी चप्पल करून द्या. त्या म्हाताऱ्यानं हातातली आरी खाली ठेवली. “आवाज काढा म्हणून लोक जादा दाम देत्यात, आन् तुमास्नी मुकी पायजे? कुणाच्या घरात चोरून शिरायचं हाय व्हय?” “माझ्याच,” हा म्हणाला. शेवटी म्हाताऱ्यानं त्याला मुकी चप्पल करून दिली, पण ती कोणी केली हे कुठं सांगायचं नाही, या अटीवर. त्या मुक्या चपलांमुळे तो मागच्या दारातून कधी आला आणि कधी गेला हे कोणालाच कळायचं नाही. मला कळायचं. माझ्या खोलीची खिडकी त्या बाजूला होती.

आणि खासबागेतल्या त्या कार्यक्रमाची गोष्ट तर अजून लोक सांगतात. त्या दिवशी मैना सकाळपासून घरी नव्हती. मैदान माणसांनी भरलेलं, वादकांनी सूर लावलेले, आणि हा माइकपाशी येऊन म्हणतो, “मंडळी, आमची मैना हरवलीया. करडी हाय, डाव्या कानाला खाच हाय. ती गावंपर्यंत माज्या गळ्यातनं सूर निघायचा न्हाय.” दुसऱ्या कुठल्या गावात लोकांनी खुर्च्या फेकल्या असत्या. आमच्या गावात निम्मं मैदान उठून मांजर शोधायला गेलं. तासाभरात पैलवान काखेत मांजरं घेऊन यायला लागले. पांढरी, काळी, तिरंगी, एक तर चांगला दाढीवाला बोका. “हीच का?” “न्हाय.” “मग हितं ठेवू?” स्टेजभर मांजरं झाली. खरी मैना आमच्या माळ्यावरच्या गाद्यांत निजली होती. माझ्या वडिलांनी ती सापडताच रिक्षा केली. तिला बघून तो जे गायला, ते मी रिक्षातूनच ऐकलं, कारण गर्दीत उतरायचं माझ्या जिवावर आलं होतं.

माझी ही जुनी अडचण आहे. मी मिशनरी बायांच्या इंग्रजी शाळेत शिकले. तिथं मराठी बोललं की दंड व्हायचा, आणि घराबाहेर इंग्रजी बोललं की “आली बघा मडमीण” असं ऐकू यायचं. दोन्हीकडून सुटायचा सोपा मार्ग मी लहानपणीच शोधला, तो म्हणजे गप्प राहणं. त्याच्यासमोर तर माझी जीभ टाळूला चिकटायची. एकदा तो आमच्या ओसरीवर आला. हातात कागद होता, त्यावर एका गाण्याचे शब्द देवनागरीत उतरवलेले. “तुमी कॉन्व्हेंटच्या,” तो म्हणाला. “ह्यो ‘यर्निंग’ म्हंजे काय हो? रोज म्हणतोय, पर कशासाठी ओरडतोय ते ठावं न्हाय.” मला अर्थ माहीत होता. मी आत गेले, वडिलांची इंग्रजी-मराठी डिक्शनरी आणली, पान काढलं आणि त्या शब्दावर बोट ठेवलं. त्यानं वाकून वाचलं, “ओढ. आस लागणे.” जरा विचार केला. “म्हंजे म्हशीला रेडकाची लागती तशी?” मी मान हलवली. “मग सरळ सांगायचं की,” तो म्हणाला, आणि गेला. मागून मावशींचा आवाज आला. त्यांना वाटलं त्या हळू बोलतायत. “वकिलाची पोरगी मुकी हाय का रं?”

आता फोनबद्दल. त्याचे दौरे वाढले तशी मैना घास टाकायला लागली. तो चार दिवस गावाला गेला की ती दुधाला तोंड लावायची नाही, दारात बसून राहायची. पुढं त्याला मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात गायचं काम मिळालं आणि तो तिकडेच राहायला लागला. मैनेला मुंबईला न्यायचं एकदा करून बघितलं. गाडी हातकणंगल्याला पोचेपर्यंत ती टोपलीत अशी काही रडली, की तो तिथंच उतरून तिला परत सोडून गेला. मग दर रविवारी ठरल्या वेळेला त्याचा ट्रंक कॉल, म्हणजे एक्स्चेंजमधून जोडून घ्यायचा परगावचा फोन, यायला लागला. फोन आमच्याकडेच होता. आईशी फोनवर बोलून उपयोग नव्हता, मावशींना त्यातलं काही ऐकू यायचं नाही. म्हणून तो पी.पी. कॉल लावायचा, म्हणजे ज्याचं नाव दिलं ती व्यक्ती हजर असेल तरच जोडला जाणारा. आणि नाव द्यायचा, श्रीमती मैनाबाई.

पहिल्यांदा एक्स्चेंजमधल्या बाईंनी “मैनाबाई आहेत का?” असं विचारलं, तेव्हा आई म्हणाली, “अहो, ते मांजर आहे, खोटं कसं सांगायचं?” वडिलांनी चष्मा काढून पुसला. पक्षकारांना सल्ला देताना ते असंच करायचे. “पी.पी. म्हणजे पर्टिक्युलर पर्सन,” ते म्हणाले. “आता कायद्यानं देवळातल्या मूर्तीलाही पर्सन मानलंय. मूर्ती दूध पीत नाही. ही तर पिते.” आणि फोनमध्ये गंभीरपणे म्हणाले, “आहेत. देतो.” तेव्हापासून फोन वडिलांनी घ्यायचा, हाक मावशींनी मारायची आणि मैनेला मी धरायचं, अशी वाटणी होऊन गेली. एक्स्चेंजमधल्या बाईही सरावल्या. पावसाळ्यात त्या आपणहून विचारायच्या, “मैनाबाईंचा खोकला कसा आहे?”

मांजराचा कान तो केवढा. त्याचं बोलणं त्यात काय मावणार? सगळं माझ्या हातावर सांडायचं. तो मैनेला तिकडची खबर सांगायचा, जेवलीस का विचारायचा, नव्या गाण्याच्या दोन ओळी अगदी बारीक आवाजात म्हणून दाखवायचा. मैना डोळे मिटून गुरगुरायची. आणि मग, कधीपासून ते सांगता येणार नाही, शेवटी एक वाक्य यायला लागलं. “मैना, जिनं फोन धरलाय तिला सांग, हात अवघडला आसंल तर बदल म्हणावं.” मी हात बदलला. पुढच्या रविवारी, “तिला सांग, परीक्षेचं जागरण करू नको म्हणावं, आईच्या पत्रात हुतं डोळं लाल झाल्यात.” मग, “तिला सांग, काल गाताना त्यो शब्द आला, डिक्शनरीतला. तिचं बोट आठवलं.” आमच्याकडे नवरा-बायको मुलाला मधे घालून बोलतात, “बाबांना सांग, पान वाढलंय.” हे तसंच होतं की नुसतीच त्याची चेष्टा, हे मला कधी ठरवता आलं नाही. वडील तिथंच वर्तमानपत्र वाचत असायचे, मावशी माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या. मी काय उत्तर देणार? एकदा तो हसून म्हणाला, “तिला इचार गं, ती कधी बोलती का? का तुझ्यागत, कामापुरतंच म्यांव?” मी मैनेच्या पाठीवरून हात फिरवला. एवढंच.

मैना गेली ती काही न करता गेली. आठवडाभर दूध कमी पीत होती. एका दुपारी मागच्या पायरीवर उन्हात पडली होती, ऊन सरकलं तरी ती सरकली नाही. आम्ही तिला सीताफळाच्या झाडाखाली पुरलं. मावशींनी पदरानं डोळे पुसले आणि सगळ्यांना बजावलं, “त्येला कुणी कळवायचं न्हाय. फुडच्या म्हयन्यात जहाजावर गायला निघालाय. हिची खबर लागली तर पोरगं गाणं सोडून हितं येऊन बसंल. लई कष्टानं मिळालंय त्येला.” त्याच्या मनाची ही गत आम्हाला ठाऊक होती, त्यामुळे कोणी वाद घातला नाही. रविवारी फोन आला. वडील कधी खोटं बोलत नसत. ते म्हणाले, “मैनाबाई आत्ता येऊ शकत नाहीत.” कॉल रद्द झाला. पुढच्या रविवारीही तेच झालं. फोन ठेवल्यावर वडील बराच वेळ चष्मा पुसत बसले. मी तिपाईजवळ उभी होते, दोन्ही हात रिकामे. तो जायच्या आत आता एखादाच रविवार उरला होता, आणि मैना नसली की त्याला आमच्या घरात फोन करायला दुसरं कोणी नव्हतं.

आता तो कुठल्या कुठल्या बंदरांत गातो. कधीतरी परदेशी तिकीट लावलेलं कार्ड येतं, आणि त्यावर हटकून तिथल्या मांजराचं चित्र असतं. मावशी बिद्रीला थोरल्या मुलाकडे गेल्या. मागच्या खोल्यांत बँकेतलं एक जोडपं राहतं, चपला खूप वाजवतात. फोनही बदलला, आता एस.टी.डी. आली, नंबर फिरवला की थेट घंटा वाजते, मधे कोणी बाई नसतात, आणि नाव कोणी विचारत नाही. सीताफळाला यंदा पुष्कळ फळं धरली आहेत. तिन्हीसांजेला गंगावेशीकडून जाताना कट्ट्यावरची ती वाटी मी अजून बघते. म्हैसवाला दुसऱ्या मांजरांना तिला तोंड लावू देत नाही.

पण तो शेवटचा रविवार सांगायचा राहिला. आईवडील शिरोळला एका लग्नाला गेले होते. मावशी माझ्यासाठी भाकरी ठेवून देवळात गेल्या होत्या. घरात मी एकटी होते, आणि नेहमीच्या वेळेला फोन वाजला. तो तसाच वाजू द्यावा असं एकदा वाटलं. मग मी तो उचलला. काही बोलले नाही, नेहमीसारखा नुसता धरला.

“मैनाबाईंचा पी.पी. आहे,” एक्स्चेंजमधल्या बाई म्हणाल्या. “आहेत का?”

लाइनवर खरखर होती, आणि त्या खरखरीच्या पलीकडून, लांबून, त्याचा आवाज येत होता, “मैना? ए मैना?”

“हॅलो, मैनाबाई आहेत का घरात?” बाईंनी पुन्हा विचारलं. त्यांचा आवाज कामाचा होता, पण मऊ होता. “नसतील तर सांगा हो. मी कॉल रद्द करते.”

माझ्या मांडीवर कोणी नव्हतं. मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला, स्वतःच्या कानाला लावला, आणि इतक्या मोठ्यानं बोलले की मावशींनासुद्धा ऐकू गेलं असतं.

“रद्द करू नका, जोडून द्या. मैना गेली हो. आता तुम्हाला जे काय सांगायचं असेल, ते मलाच सांगा.”